पहिल्या नंबरला कातारी

आमचं गाव मुरुम ह्या बाजारगावापासनं पायी तासाभराच्या वाटेवर, आता ऑटो फिरतात, तवा न्हवते, आणि गाव महाराष्ट्रातलं असलं तरी शेवटच्या बांधावर उभं राहून हाक मारली तर ती कर्नाटकात ऐकू जाते, म्हणून आमच्या घरात बोलणं कानडी, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही, आणि भांडण लागलं की ज्याला जे आधी सुचंल ते. तुम्ही लिहून घेताय म्हणून हे आधी सांगते, कारण पुढं जे झालं ते ह्या दोन भाषांच्या मधल्या फटीत पाय अडकून झालं. मी सुवर्णा. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी धाकटी शिवलीला. मधली दोन लेकरं राहिली न्हाईत, म्हणून ती माझ्या कडेवरच वाढली, बहीण म्हणा, लेक म्हणा. मला ती अक्का म्हणते.

अप्पा मुरुमच्या आडतीवर मापाडी. शेतकऱ्याचं पोतं काट्यावर घ्यायचं, वजन बघायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वरडून सांगायचं, उभा जन्म हेच काम, त्यामुळं आवाज असा तयार झालेला की घरात त्यांनी मीठ मागितलं तर शेजारची बाई मीठ घेऊन यायची. शिक्षण दुसरी. अव्वाचं, म्हणजे आमच्या आईचं, तेवढंबी न्हाय. आणि मी बी.ए. झाले, मुरुमच्या कॉलेजात, मराठी विषय घेऊन. आमच्या भावकीत पदवी घेतलेली मी पहिली, हे मी मान वर करून सांगते, त्यात लाजायचं काय. कानडी घरातली पोरगी मराठीत बी.ए. झाली म्हणून अप्पांनी आडतीवर पेढे वाटले आणि पदवीचा कागद काचेत बसवून देवाच्या फोटोशेजारी लावला. माझं लग्न झालं ते मुरुमातच, मालक टेम्पो चालवतात, मी घरी शिकवण्या घेते, पण तो कागद मी सासरी नेला न्हाय, अप्पांनी नेऊ दिला न्हाय. राहू दे म्हणाले, आमाला बी बघायला काय तरी पायजे.

पदवी नुसती भिंतीवर राहत न्हाय बघा, ती माणसाच्या अंगात जाते. गावातलं लाईटबिल, बँकेचं पत्र, रेशनकार्डातली नावं, सगळं माझ्याकडं यायचं, आणि मी वाचून सांगायची, आणि खरं सांगते, काही काही मला बी कळायचं न्हाय, पण समोरचा माणूस तोंडाकडं बघत बसलेला असायचा, मग मी काय तरी सांगायची, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. बहुतेक वेळा.

आता शिवलीलाचं. तिला पुस्तकाची गोडी न्हाय, पण हातात कापड आलं की पोरगी बदलायची. शेजारच्या शांताकाकूंचं जुनं पायमशीन होतं, त्यावर ती सातवी-आठवीत असतानाच ब्लाऊज शिवायला लागली. बाहीला चूण न येऊ देता बसवायची, काकू स्वतः बघत राहायच्या. माप घ्यायला टेप लागायची न्हाय तिला, बाई दारातनं आत येईस्तोवर हिनं मनात छाती-कंबर मोजलेली. मुरुमच्या बाजारात आपलं दुकान टाकायचं, बोर्डावर नाव लिहायचं, हे तिनं मला कितीदा सांगितलं त्याचा हिशोब न्हाय. बोर्डाचा रंग सुद्धा ठरवलेला होता, जांभळा.

बारावी झाली, अठरा पुरी झाली, आणि आळंदकडचं स्थळ आलं. पोरगा चांगला, कापडाचं दुकान, आपल्याच जातीतले, अप्पा खूश. शिवलीला रडली न्हाय का भांडली न्हाय, ताटावर बसायची आणि उठायची, दोन दिवस तसंच. तिसऱ्या दिवशी अव्वानं मला निरोप धाडला. मी गेले. शिवलीला म्हणाली, अक्का, मला एक गोष्ट धड शिकू द्या, कागद मिळू द्या, मग काय करायचं ते करा. मग मीच अप्पांपुढं बसले आणि म्हणलं, अप्पा, आयटीआयला शिवणकाम असतं, एक वर्षाचं, सरकारी दाखला मिळतो, कापडाच्या दुकानाला शिवणारी सून मिळाली तर त्यांना काय वाईट हाय? अप्पांनी इचार केला, आळंदला जाऊन आले. ते लोक म्हणाले एक वर्ष थांबू, वर एक दिवस न्हाय. आणि अप्पा मला म्हणाले, म्या तुझ्या भरवशावर थांबतोय, तू शिकलेली हाईस, प्रवेश मिळाला तर ठीक, न्हाय मिळाला तर दिवाळी झाली की अक्षता. एवढं साधं होतं ते. एका बाजूला एक वर्ष आणि जांभळा बोर्ड, दुसऱ्या बाजूला दिवाळी.

फॉर्म भरायच्या आधी मी तालुक्याच्या आयटीआयला एकटीच जाऊन आले. तिथं व्हरांड्यात भिंतीवर रंगानं सगळ्या व्यवसायांची नावं लिहिलेली, शुद्ध मराठीत. जोडारी. कातारी. संधाता. वीजतंत्री. खाली शिवणकाम. काय सांगू तुम्हाला, ती नावं वाचून मला बरंच वाटलं, म्हणलं ही आपली भाषा हाय, इथं आपल्याला कुणी फसवू शकत न्हाय. आणि कातारी ह्या शब्दावर माझा डोळा थांबला. आमच्या घरात कात्रीला कत्तरी म्हणतात, कानडीत. कत्तरी, कातारी. म्हणलं झालं, हे कापड बेतणं. आणि वर डोकं चालवलं बघा, शिकलेल्या माणसाचं डोकं, म्हणलं टेलरच्या दुकानात शिवणारे चार असतात, पण कटिंग मास्टर एकच असतो, तो बेततो, बाकीचे शिवतात, पगार बी त्यालाच जास्त, मान बी त्यालाच. म्हणजे कातारी हे वरचं शिक्षण आणि शिवणकाम हे त्याच्या खालचं. कागदावर लिहून घेतलं, एक नंबर कातारी, दोन नंबर शिवणकाम.

त्या भिंतीच्या मागंच पत्र्याची शेड होती, आतनं लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत होता, मी तो ऐकला. दहा पावलं जाऊन आत डोकावले असते तर सगळं तिथंच मिटलं असतं. समोरनं खाकी कपड्यातला एक शिपाई गेला, त्यानं विचारलं, काय पायजे मॅडम? मी म्हणलं काय न्हाय, बघतेय.

मुरुमला सिद्रामचं नेटचं दुकान हाय, फॉर्म तिथंच भरायचे. शिवलीला बाजूला बसलेली, मी नावं वाचून दाखवतेय, सिद्राम टाकतोय. पहिल्या नंबरला कातारी म्हणलं तर तो थांबला. म्हणाला, मॅडम, पोरीसाठी ना? म्हणलं मग कुणासाठी, तुझ्यासाठी? हसला बिचारा. परत म्हणाला, कातारी नक्की ना, कारण पहिला नंबर लागला की घ्यावंच लागतं, न्हाय घेतलं तर पुढच्या फेऱ्यांतनं बाद, एकदा सबमिट केलं की माझ्या हातात न्हाय. आता हा मला सूचना देत होता का नुसता नियम सांगत होता कोण जाणे, पण मला तो टोमणा वाटला. बारावी नापास पोरगा मला मराठी शब्दाचा अर्थ विचारतोय. म्हणलं सिद्राम, मी मराठीत बी.ए. केलंय. तो म्हणाला, टाकतो मॅडम. छापील कागद निघाला त्यावर इंग्रजीत सगळं होतं, पण आमच्याकडं छापील कागद हातात आला की आधी नावाचं स्पेलिंग बघतात, मग जन्मतारीख, आणि घडी घालून पिशवीत. मी तेच केलं.

मोबाईलवर मेसेज आला, पहिला पर्याय मिळाला. शिवलीला अंगणातनं पळत आली, मला उचललं तिनं, मी अंगानं भारी, तरी उचललं. अप्पा म्हणाले सोमवारी जा, सोमवार आपला वार. सोमवार हा शेवटचा दिवस होता. पाच वाजता खिडकी बंद.

गाडी उशिरा आली, कागदांच्या झेरॉक्सला रांग, आम्ही खिडकीपाशी पोचलो तवा तीन वाजून गेलेले. आतल्या बाईंनी कागद बघितला, शिवलीलाकडं बघितलं, परत कागद बघितला आणि म्हणाल्या, टर्नर? भाऊ कुठाय? म्हणलं कुणाचा भाऊ, हिचाच प्रवेश हाय. त्या म्हणाल्या, अगं बाई, टर्नरला मुलगी, आमच्याकडं पहिल्यांदाच. मी म्हणलं टर्नर न्हाय, कातारी. त्या म्हणाल्या, तेच की. कातारी म्हणजेच टर्नर. थांबा, सरांना बोलावते, तुम्ही एकदा शॉप, म्हणजे मशीनची शेड, बघून घ्या.

ते सर म्हणजे तिथले निदेशक, पोटावर तेलाचे डाग, चष्मा दोरीला बांधलेला. आम्हाला त्या पत्र्याच्या शेडमधी नेलं. आत एक पोरगं मशीनवर उभं होतं, लोखंडाचा गोल दांडा गरगर फिरत होता आणि त्याला टोकदार हत्यार लागलं की लोखंडाची साल निघत होती, कोवळ्या दुधीची निघावी तशी, वेटोळं होऊन खाली पडत होती, निळसर, धूर निघत असलेली. सर सांगत होते, हा लेथ, दोन वर्षांचा कोर्स, ह्यात शिकलेला रिकामा बसत न्हाय, शिवणाऱ्या बाया गल्लोगल्ली मिळतात, टर्नर शोधावा लागतो. मला दोन वर्षं एवढंच ऐकू आलं. शिवलीला त्या सालीकडं बघत उभी होती, तोंडावर काहीच न्हाय.

मी खिडकीपाशी परत गेले, एकटीच, बाईंना विचारलं, शिवणकाम मिळंल का बदलून? त्या म्हणाल्या, पहिला पर्याय लागलाय, आज घेतला न्हाय तर तुम्ही फेऱ्यांतनं बाहेर, शेवटी उरलेल्या जागा निघतात तवा या, पण शिवणकामाच्या जागा उरत न्हाईत, मुलींची तिथंच गर्दी असते. घड्याळात सव्वाचार. हिला घरी नेलं तर दिवाळी झाली की अक्षता. इथं ठेवलं तर दोन वर्षं, आणि आळंदचे लोक एकाच्या वर थांबणार न्हाईत, आणि अप्पांना काय सांगायचं. पाण्याच्या टाकीपाशी जाऊन मी पाणी प्याले, परत प्याले, तहान न्हवती.

शिवलीला मागं येऊन उभी राहिली. म्हणाली, अक्का, हे तू बघून टाकलंस ना?

बघा, नुसतं एवढंच विचारलं तिनं. ओरडली असती तर मी खरं बोलले असते. म्हणलं, व्हय, बघूनच टाकलं. म्हणलं शिवणाऱ्या बाया गल्लोगल्ली मिळतात, टर्नर शोधावा लागतो. सरांनी दहा मिनिटांमागं सांगितलेलं वाक्य मी माझं म्हणून तिच्यापुढं ठेवलं. ती म्हणाली, मग मला आधी का न्हाय सांगितलंस? म्हणलं तू घाबरली असतीस. तिनं शेडच्या दिशेनं एकदा बघितलं. मग म्हणाली, तू इचार केलायस तर ठीक हाय, दे पेन. सही केली. पाचाला वीस मिनिटं कमी होती. येताना गाडीत ती खिडकीला डोकं टेकून बसली, आणि मी मनात म्हणत होते, वर्षभराचं वर्षभरानं बघू.

घरी काय सांगितलं तर, कत्तरी शिकते. खोटं बी न्हाय आणि खरं बी न्हाय. अव्वानं चार घरी सांगितलं, आमची शिवी कत्तरीच्या कोर्सला लागली. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या जुन्या सरांकडं जाऊन जाडा शब्दकोश उघडला. होता शब्द. कातारी, लाकूड किंवा धातू फिरवत घडणारा कारागीर. असा सरळ लिहिलेला. पुस्तक मिटलं आणि सरांना म्हणलं, सहज बघत होते.

शॉपमधी पहिल्याच दिवशी सरांनी नियम सांगितला, फिरत्या मशीनजवळ लोंबणारं काही चालणार न्हाय, ओढणी न्हाय, मोकळे केस न्हाईत, बांगड्या न्हाईत, गळ्यात काही न्हाय. आता आम्ही लिंगायत, गळ्यातलं लिंग अंगावेगळं करत न्हाय, झोपताना न्हाय, आंघोळीला न्हाय. सर म्हणाले, काढावं लागंल. ही म्हणाली, बाकी सगळं काढते, हे न्हाय निघत. सर म्हणाले, दांडा पकडून फिरणाऱ्या चकमधी दोरा अडकला तर मान जाईल पोरी, मला रोज जीव मुठीत धरायला लावू नको, उद्या काढून ये न्हाय तर येऊ नको. तिनं काय करावं? संध्याकाळी शांताकाकूंच्या मशीनवर बसून शॉपमधी घालायच्या जाड निळ्या ड्रेसच्या आतनं, बरोबर छातीवर, एक खिसा शिवला, वर बटण, बटणावर परत पट्टी. दोरा काढून लिंग त्यात. सकाळी सरांपुढं उडी मारून दाखवली, वाकून दाखवलं. सरांनी दोन बोटांनी पट्टी ओढून बघितली आणि म्हणाले, शिवण पक्की हाय, जा मशीनवर. हे तिनं मला हसत सांगितलं आणि मला ते ऐकवेना.

बांगड्यांचं मात्र रोजचं होतं. सकाळी आयटीआयला पोचलं की काढून डब्यात ठेवायच्या, निघताना चढवायच्या. रोज. रविवारी ब्लाऊज शिवायची, त्यामुळं घरात कुणाला शंका न्हाय. बोटांवर बारीक काळे काप दिसायचे, ती सांगायची कात्री लागली. मी माहेरी गेले की अव्वा मला विचारायची, आता कुठवर आलं गं तिचं, आणि मी सांगायची, आलंच की आता. आळंदहून निरोप यायला लागले, तारीख धरायची का म्हणून. माझी जेवायची इच्छा गेली, मालक म्हणाले, दवाखान्यात दाखवू का?

आणि एक दिवस ती बांगड्या डब्यातच विसरून घरी आली. अव्वानं पाण्याचा तांब्या देताना बघितलं. आमच्याकडं लग्नाच्या पोरीचं मोकळं मनगट म्हणजे अव्वाच्या काळजाचं पाणी. कुठं गेल्या, म्हणाली. पडल्या, म्हणाली शिवलीला. दोन्ही हातांच्या? मग अव्वानं हात धरून बोटं उलटीपालटी केली, वास घेतला. कापडाला असा तेलाचा वास येतो व्हय? आणि शिवलीला खोटं बोलत न्हाय, ते काम माझं होतं, तिनं सगळं सांगून टाकलं. अक्कानं इचार करून टाकलंय, म्हणाली.

मला बोलावणं आलं. अप्पा ओट्यावर बसलेले. आयुष्यभर वरडून बोललेला माणूस, त्या दिवशी इतकं हळू बोलले की मला पुढं सरकून ऐकावं लागलं. म्हणाले, मला एकच सांग, दोन वर्षांचं हाय आणि लोखंडाचं हाय हे तुला फॉर्म भरतानाच म्हाईत होतं का न्हाय?

ह्या जागेवर मी कितीदा तरी परत जाऊन उभी राहते. माहीत न्हवतं म्हणाले असते तर अप्पांनी कपाळाला हात लावला असता, बोलले असते चार शब्द, पण पोरीकडनं चूक झाली एवढंच झालं असतं. पण आतल्या भिंतीवर तो कागद दिसत होता, काचेतला. मराठी विषय. मी म्हणलं, म्हाईत होतं अप्पा. मुद्दाम टाकलं. खोटारडी म्हणा, दगाबाज म्हणा, सगळं चालंल असं झालं मला त्या क्षणी, पण अडाणी म्हणू नका.

अप्पा म्हणाले, मग माझ्या शब्दाची किंमत तुला न्हाय. उठून गेले. दुसऱ्या दिवशी स्वतः आळंदला गेले, हात जोडून आणखी एक वर्ष मागितलं. त्या लोकांनी चहा पाजला आणि न्हाय म्हणून सांगितलं. चूक त्यांची न्हाय, बोली एका वर्षाचीच होती. परत आल्यावर अप्पा शिवलीलाला एवढंच म्हणाले, सुरू केलंयस तर पुरं कर. आणि माझ्याशी बोलणं बंद. मी समोर बसलेली असले तरी अव्वाला म्हणायचे, तिला जेव म्हणावं. सव्वा वर्ष तसं चाललं. त्यानंतर बोलायला लागले, पण पहिल्यासारखे कागद वाचायला माझ्या हातात देत न्हाईत, सिद्रामकडं नेतात.

शिवलीला पास झाली. सोलापूरला एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागली, तिथंच कायम झाली, पंपाचे शाफ्ट बनवते, पाच पोरांच्या वर देखरेख हाय आता तिची. खोली करून राहते. अप्पा कुणी विचारलं तर सांगतात, धाकटी मशीनवर असते, आणि हे मोठ्यानं सांगतात. लग्नाचं बघतोय, पण आता ती बघते आधी, मग आपण. सगळं चांगलं झालं असं लोक म्हणतात. मला बी म्हणतात, सुवर्णा, तू म्हणून झालं. दर वर्षी दहावी-बारावीचा निकाल लागला की आयाबाया पोरींना घेऊन माझ्या दारात, आमच्या पोरीला बी काय तरी येगळं टाक. मी भरून देते फॉर्म. आणि आतनं मला ठाऊक, ह्या बायका कशावर इश्वास ठेवून आल्यात.

ह्या वर्षी आयटीआयनं पालकांचा मेळावा ठेवला. त्याच सरांनी शिवलीलाला बोलावलं, मुलींच्या पुढं दोन शब्द सांग म्हणून. ती आदल्या दिवशी आली, माझ्याकडंच उतरली, सकाळी आम्ही दोघी मुरुमहून गाडीत बसलो. ती कागदावर मुद्दे काढत होती. मला वाचून दाखवलं. माझ्या अक्कानं सगळ्या घराच्या विरोधात जाऊन, इचार करून, माझ्यासाठी टर्नर निवडलं, घरात एक तरी शिकलेलं माणूस पायजे ते ह्यासाठी. कसं वाटतं, म्हणाली.

कंडक्टर तिकिटाला आला, मी तिकीट काढलं, सुट्टे घेतले, आणि म्हणलं, शिवे, मी इचार करून टाकलं न्हवतं. मला वाटलं कातारी म्हणजे कत्तरी.

ती माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, काय? मी सगळं सांगितलं, भिंत, सिद्राम, पाण्याची टाकी, शब्दकोश. बाजूची बाई ऐकत होती, ऐकू दिलं. सांगून झाल्यावर शिवलीला बाहेर बघत बसली. दोन गावं गेली. मग ती म्हणाली, त्या दिवशी टाकीपाशी तू चुकलं म्हणाली असतीस ना अक्का, तर मी सही केली नसती. मी त्या मशीनला लई भ्याले होते. नुसतं तू बघून टाकलंय म्हणून केली. आणखी थोडं गेल्यावर म्हणाली, आता मला मशीन आवडतं, ते खोटं न्हाय. पण मला शिवायचं होतं. तुला म्हाईत होतं मला शिवायचं होतं. आता रेशमी कापड हातात घेतलं की बोटांना अडकतं माझ्या.

तिनं तो मुद्द्यांचा कागद चार घड्या करून पर्समधी टाकला.

हॉल भरलेला, खुर्च्या कमी पडलेल्या, आया भिंतीला टेकून उभ्या. मी मागं उभी. शिवलीला माईकपाशी गेली, आणि मला वाटलं आता ही काय सांगते, आणि काय बी सांगितलं तरी मला ऐकून घ्यायचंय. ती म्हणाली, बाहेर भिंतीवर नावं लिहिलीत, ती कुणाला कळली? कुणी हात वर केला न्हाय. म्हणाली, मला बी कळली न्हवती, माझ्या अक्काला बी न्हवती, ती मराठीत बी.ए. हाय. हॉल हसला. ती हसली न्हाय. म्हणाली, तिला कातारी म्हणजे कात्री वाटली आणि मी टर्नर झाले, माझं निभावलं, तुमचं निभंल ह्याचा भरवसा न्हाय. आता सगळ्यांनी उठायचं, सर शॉप उघडणार हाईत, एकेका मशीनपाशी जाऊन उभं राहायचं, आवाज ऐकायचा, हात लावायचा, मगच नाव लिहायचं. कुणाच्या अक्काचं ऐकून लिहू नका. एवढं बोलून खाली उतरली. सर माझ्याकडं बघत होते, चष्मा पुसत. सगळ्या बायका वळून बघतायत असं वाटलं, बहुतेक कुणी बघत न्हवतं. तोंड तापलं माझं, पण सांगू का, कित्येक वर्षांनी लपवायला काही उरलं न्हवतं.

ती तिथनंच सोलापूरच्या गाडीत बसली. माफ केलंस का, असं मी विचारलं न्हाय. तिनं फोन केला तो चार दिवसांनी, अव्वाच्या गुडघ्याचं विचारायला. बोलते, नीट बोलते. अप्पांना सुद्धा मी जाऊन सांगितलं. ते एवढंच म्हणाले, तवाच सांगायचंस की गं.

परवा एक बाई आली, बेळंबकडची, पोरगी दहावी झालेली, सडपातळ, बोलायला लाजणारी. व्यवसायांची यादी माझ्यापुढं धरली आणि म्हणाली, तुमी शिकलेल्या, तुमीच चांगलं बघून टाका. मी यादी वाचली. एका नावावर आले आणि म्हणलं, बाई, हे काय असतं ते मला म्हाईत न्हाय. पोरीला घेऊन चला माझ्यासंगं आयटीआयला, सरांना विचारू, मशीन बघू, तिला काय पायजे ते तिला बघू द्या. बाईला ते पटलं न्हाय, तोंड वाकडं झालं तिचं. एवढ्या लांबनं आलो आणि ह्या म्हणतात म्हाईत न्हाय. स्टँडवर गाडीची वाट बघत बसलो तिघी, तर पोरगी पहिल्यांदा बोलली, मशीनला खरंच हात लावू देतात का, म्हणाली. म्हणलं देतात, बांगड्या तेवढ्या काढाव्या लागतील. देव करो, त्या पोरीच्या हाताला जे गोड लागंल तेच तिच्या कागदावर येवो. आई मात्र अजून फुगलेलीच, मला खालीवर बघून म्हणाली, मग तुमी बी.ए. कशात केलं वो बाई?

मराठीत, म्हणलं. चला, गाडी आली.